गर्दीसकट ऐकायचं गाणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुमच्याशी परदेशी गाण्यांबद्दल बोलणार आहे. रॉक, ब्लूज आणि सोल अशी त्यांची नावं. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या मास्तरानं या विषयावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण काळजी करू नका. दूर कुठं तरी नेलं, तरी शेवटी मी तुम्हाला आपल्याच मंडईत आणून सोडणार आहे.

मी नागपूरला कॉलेजात होतो, तेव्हाची म्हणजे १९८२ सालची गोष्ट. वसतिगृहातला माझ्या खोलीतला मित्र मुंबईचा होता. सुट्टीहून परतताना तो काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट आणायचा. ते नामांकित दुकान २०१६ मध्ये बंद झालं. एकदा त्यानं बी. बी. किंग या निग्रो गायकाची, म्हणजे तेव्हा आम्ही वापरत असू तो शब्द, आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो, अशा गायकाची कॅसेट आणली. शिकागोच्या रीगल थिएटरात २१ नोव्हेंबर १९६४ रोजी झालेल्या कार्यक्रमाचं ते ध्वनिमुद्रण होतं. मी ऐकलं आणि वैतागलो. गाणं सुरू झालं की बायका किंचाळत होत्या, माणसं शिट्ट्या मारत होती. मी म्हटलं, "अरे, हे लोक गप्प का बसत नाहीत? याच गाण्याची नीट रेकॉर्ड नाही का मिळत?"

मित्र म्हणाला, "पुन्हा ऐक. पण या वेळी गाणाऱ्याला नको, लोकांना ऐक."

मी तसं ऐकलं. त्यात एक गाणं आहे. नवऱ्यानं बायकोला काय काय दिलं आणि तिनं त्या प्रत्येक गोष्टीला कशी नावं ठेवली, याची त्यात यादी आहे. प्रत्येक ओळीला लोकांचा हशा वाढत जातो आणि शेवटच्या ओळीला सगळं थिएटर फुटतं. किंग तिथं घाई करत नाही. तो हशा पुरता वर चढू देतो आणि मग पुढं येतो. घरी बसून एकट्यासाठी हे गाणं तसं गाताच आलं नसतं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की हा आरडाओरडा गाण्याच्या आड येत नाही, तो गाण्याचाच भाग आहे.

पण हे मला पुरतं समजलं ते घरी गेल्यावर, माझ्या वडिलांकडून.

आमची शेती अर्जुनी मोरगाव तालुक्यात. बाबा शेतकरी, पण ऑर्गन वाजवणारे. दिवाळी झाली की शेत काकांच्या भरवशावर सोडून ते छोट्या गाडीनं वडसा गाठायचे आणि झाडीपट्टीच्या नाटकांना साथ करत फिरायचे. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा आमचा झाडीपट्टीचा मुलूख. भाऊबीजेपासून होळीपर्यंत इथं गावोगाव रात्ररात्र नाटकं चालतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट आणि रात्री नाटक. वादक रंगमंचाच्या पुढ्यात बसतात आणि पब्लिक घोंगड्या-चादरी घेऊन जमिनीवर.

शिकायला लागल्यापासून मला बाबांच्या वाजवण्यात खोटी दिसू लागल्या होत्या. रेडिओवर साडेतीन मिनिटांत संपणारं गाणं त्यांच्या साथीनं दहा मिनिटं चालायचं. मध्येच ते एका सुरावर थांबून राहायचे. एकदा मी त्यांना तोंडावर म्हणालो, "बाबा, तुमची लय सुटते." ते काही बोलले नाहीत.

त्या दिवाळीत मी मित्राची कॅसेट आणि टेपरेकॉर्डर घरी नेला. ओसरीवर बाबा ऑर्गनचा भाता दुरुस्त करत बसले होते. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नव्हता. मी ती कॅसेट लावली. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाले, "थांब. मागं घे." मी मागं घेतलं. पुन्हा तोच हशा, पुन्हा तोच थांबा. बाबा म्हणाले, "पाय, लोकायचं हासनं सरलं नाही तवर त्यानं पुढची ओळ काढली नाही. हा मानूस वाजवते कमी, आयकते जास्त."

आणखी एक गोष्ट त्यांनी ओळखली, जी मला कळली नव्हती. हा माणूस गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही. आधी गळ्यानं एक ओळ म्हणतो, मग गिटार तिला उत्तर देते. किंग स्वतःच सांगत असे, की दोन्ही एकदम करणं आपल्याला जमत नाही. त्याच्या गिटारचं नाव ल्युसिल. १९४९ मध्ये अर्कान्सामधल्या एका नाचघरात दोघांची मारामारी झाली, रॉकेलची शेगडी लवंडली आणि आग लागली. बाहेर पडलेला किंग गिटारसाठी पुन्हा आत धावला. मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून होती, म्हणून गिटारला ते नाव. ही गोष्ट मी पुढं बाबांना सांगितली, तेव्हा ते खूप हसले आणि ऑर्गनवर हात ठेवून म्हणाले, "याचं नाव काय ठेवाचं मंग?"

त्याच रात्री मी त्यांच्याबरोबर नाटकाला गेलो आणि वादकांना चिकटून बसलो. दुसऱ्या अंकात विधवेच्या भूमिकेतल्या बाईंचं गाणं होतं. त्यांना सर्दी झाली होती. गाणं कसंबसं पार पडलं आणि पब्लिकमधून "वन्समोअर" आला. नाही म्हणायची सोय नव्हती. बाबांनी सुरुवातीचे सूर लांबवत नेले, तेवढ्यात बाईंनी विंगेत जाऊन घोटभर पाणी प्यायलं. पहिल्या वेळी काळी चार असलेली पट्टी बाबांनी काळी तीनवर उतरवली. तबलजीनं एक शब्द न बोलता दुसरा तबला पुढं ओढला. खाली उतरलेल्या पट्टीत तो बसलेला आवाज रडवेला लागला. माझ्या मागं बसलेल्या बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. लय सुटते म्हणून ज्यांना मी बोललो होतो, ते काय करत होते हे मला त्या रात्री दिसलं.

श्रोतेहो, स्टुडिओतलं गाणं वाईट असं मी म्हणत नाही. तिथं चुकलं तर पुन्हा गाता येतं, दहा वेळा गाऊन उत्तम ते ठेवता येतं. समोर पब्लिक असताना गायलेलं गाणं एकदाच होतं. त्यात काय बिघडलं आणि ते कसं सावरलं, हे ऐकण्यात त्याची गोडी असते.

ब्लूजला ही सवय मुळातूनच आहे. बी. बी. किंगचा जन्म १९२५ मधला, मिसिसिपी राज्यात, कापसाच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबात. तो स्वतः कापूस वेचत असे, पुढं ट्रॅक्टर चालवत असे. गुलामगिरीत आणि नंतरही त्या शेतांवर कामाची गाणी चालत. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. चर्चमधल्या भजनातही तेच. आपल्याकडं रोवणीच्या वेळी चिखलात वाकलेल्या बायका गातात, तेव्हा एक सांगते आणि बाकीच्या झेलतात. शाहिराला झिलकरी असतात, बुवांना टाळकरी. त्यांचं दुःख आणि आपलं दुःख सारखं आहे, असा दावा मी करणार नाही. माणसांची खरेदी-विक्री झालेल्या घरांतून ते गाणं आलेलं आहे. पण गाणं एकट्याचं नसतं, हे दोन्हीकडच्या राबणाऱ्या माणसांना ठाऊक होतं.

याच चर्चमधून सोल संगीत आलं. जेम्स ब्राउन या गायकाला आपला प्रत्यक्ष कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायचा होता. जुनीच गाणी लोक पुन्हा कशाला विकत घेतील, म्हणून कंपनीचा मालक तयार होईना. ब्राउननं स्वतःच्या खिशातून पैसे घातले आणि २४ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरात ते काम केलं. १९६३ मध्ये रेकॉर्ड आली आणि तुफान खपली. त्यातलं एक विरहाचं गाणं दहा मिनिटांहून अधिक चालतं. शब्द थोडेच आहेत. तो एक शब्द टाकतो, अंधारातून कुणी बाई ओरडते, तो तिला उत्तर देतो, पुन्हा ओरडायला लावतो. शब्द मोजायला बसलात तर कंटाळाल. ही देवाणघेवाण ऐकलीत तर दहा मिनिटं कमी वाटतील.

दुसरं उदाहरण ओटिस रेडिंगचं. मान मागणारं 'रिस्पेक्ट' हे गाणं त्यानं १९६५ मध्ये लिहिलं आणि गायलं. कामावरून घरी येणाऱ्या नवऱ्याची ती मागणी होती. १९६७ मध्ये अरिथा फ्रँकलिननं तेच गाणं घेतलं. ही धर्मोपदेशकाची मुलगी, चर्चमध्ये गात वाढलेली. तिच्या बहिणींनी मागं झील धरली आणि ते गाणं बाईची मागणी झालं. त्याच जून महिन्यात कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या महोत्सवात ओटिसनं आपलं गाणं म्हटलं, तेव्हा एका मुलीनं हे माझ्याकडून पळवलं, असं त्यानं हसत सांगून टाकलं. आणि मग इतक्या जोरात गायला, की जणू परत मिळवायचंच होतं. डिसेंबरात विमान अपघातात तो गेला. वय अवघं २६. त्या रात्रीचं चित्रीकरण आहे म्हणून आज आपल्याला तो दिसतो.

त्याच महोत्सवात पंडित रविशंकर आणि उस्ताद अल्लारखाँ यांनी एक सबंध दुपार वाजवलं. रॉक ऐकायला आलेली ती तरुण मुलं तल्लीन झाली होती आणि त्यांच्यात जिमी हेंड्रिक्स हा गिटारवादकही बसला होता. त्याच रात्री हेंड्रिक्सनं वाजवून झाल्यावर स्वतःच्या गिटारला आग लावली. पंडितजींना ते सहन झालं नाही. मलाही होत नाही. दसऱ्याला आमच्या घरी ऑर्गनला हळद-कुंकू लागत असे. पण आग लावण्यापूर्वी त्यानं जे वाजवलं, ते जरूर ऐका.

चार वर्षांनी, १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं जुळवून घेतली, तर ते जुळवणं संपताच लोकांनी टाळ्या वाजवल्या! जुळवणं इतकं आवडलं तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी म्हणाले. श्रोत्यांचा उत्साह खरा होता, कान अजून तयार व्हायचे होते. १९८२ मध्ये माझंही तसंच होतं, फक्त उलट बाजूनं.

रॉकमधलं एकच उदाहरण देतो, कारण ते आपल्या महाराष्ट्रातून जातं. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा. झांझिबारला जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि शाळेतल्या बँडमध्ये पियानो वाजवत असे. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या कार्यक्रमात, त्याच्या बँडला मिळाली जेमतेम वीस मिनिटं. ढळढळीत उजेड होता, दिव्यांची करामत नव्हती. मध्येच वाद्यं थांबवून त्यानं नुसत्या गळ्यानं एक तान टाकली. ७२ हजार लोकांनी ती परत दिली. त्यानं अवघड टाकली, तीही आली. कीर्तनात बुवा समोरच्यांकडून नामघोष म्हणवून घेतात, तसाच हा प्रकार.

ही सगळी गाणी मी कॅसेटवर आणि पुढं पडद्यावर ऐकली. यातल्या एकाही मैफलीला मी हजर नव्हतो. माझ्या कपाटात आज अशा साठेक कॅसेट आहेत. शिकागो आहे, न्यूयॉर्क आहे. बाबांच्या वाजवण्याची एकही नाही. टेपरेकॉर्डर घरात होता, कोऱ्या कॅसेट दहा-बारा रुपयांना मिळत होत्या. घरातलंच आहे, कधीही करू, असं वाटत राहिलं. १९९७ च्या पावसाळ्यात बाबा गेले. त्या विधवेच्या गाण्याची काळी तीनची पट्टी आता फक्त माझ्या कानात आहे, आणि ती किती खरी आहे हे तपासायला काही उरलेलं नाही.

झाडीपट्टीचं नाटक मात्र चालू आहे. २०२३ मध्ये इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या जगालाही त्याची ओळख पटली. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, याचं मला वाईट वाटत नाही. समोरच्या बाईचा आवाज बसला तर पट्टी उतरवणारा माणूस तिथं बसलेला असावा, एवढंच.

येत्या भाऊबीजेनंतर जवळच्या मंडईला जा. जरा पुढं बसा, वादक दिसतील असे. नटाकडं सगळेच पाहतात, तुम्ही थोडा वेळ कीबोर्डवाल्याच्या नजरेकडं पाहा. गाणं आवडलं तर मोठ्यानं वन्समोअर द्या. आणि खिशात मोबाइल असेलच, तर एखादं गाणं पब्लिकच्या आरडाओरड्यासकट टिपून घ्या. वादकाचं नाव विचारून त्यावर लिहून ठेवा.