मुक्कामाची जागा



शताब्दीच्या निमित्तानं दिंडीच्या वाटचालीबद्दल पुष्कळांनी सांगितलं. आम्हाला बोलायचंय ते मुक्कामाच्या जागेबद्दल, म्हणजे धर्मशाळेबद्दल.

पंढरपूर गाव तसं लहान. आषाढीला लाखो माणसं येतात, बारस सोडून माघारी निघतात. पण सगळीच निघत नाहीत. आषाढी ते कार्तिकी असा चातुर्मास कितीतरी म्हातारी माणसं मठांत, धर्मशाळांत राहून काढतात. पहाटे काकडा, चंद्रभागेचं स्नान, दुपारी प्रवचन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. मधल्या वेळात भाजी निवडायची, वाती वळायच्या, नवख्याला टाळ धरायला शिकवायचं. घरी ‘आता तुम्ही नुसतं बसून राहा’ ऐकून कंटाळलेल्या माणसाला इथं दिवस पुरत नाही. आता गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्रं निघाली, चांगलंच झालं. आपल्याकडे ते काम धर्मशाळेच्या ओसरीवर आधीपासून चालूच होतं.

पण ही ओसरी सगळ्यांना खुली नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता, त्यांना गावात पाठ टेकायलाही जागा मिळत नसे. गाडगेबाबांनी हे पाहिलं. लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली आणि तिला नाव दिलं चोखोबांचं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे, हे आपण जाणतोच. बाबांनी देहू, आळंदी, नाशिक इथंही धर्मशाळा उभ्या केल्या, पण मालकी सांगितली नाही. पंढरपूरची ही वास्तू तर त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

त्याआधी दोन वर्षं, मे १९४७ मध्ये, विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. कुठं बसले? तनपुरे महाराजांच्या मठात. एका मठानं दार उघडलं आणि पुढं देवाचं दार उघडायला त्याची मदत झाली.

आता आपल्या घरचं. शताब्दी निधीतून आपल्या दिंडीची जागा बांधायची ठरते आहे. काही मंडळी म्हणतात, खाली गाळे काढू, भाडं येईल, वर राहायची सोय करू. उत्पन्न लागतं, ते आम्ही नाकारत नाही. विजेचं बिल नुसत्या नामस्मरणानं भरत नाही! पण गुडघे धरलेल्या आजीनं तीन जिने चढायचे आणि खालची जागा दुकानाला द्यायची, हे आमच्या मनाला पटत नाही.

म्हणून आमचं मागणं एवढंच. तळमजला म्हाताऱ्या माणसांचा असावा. उंबरा नको, भिंतीला धरायला दांडी हवी, संडास जवळ आणि खुर्चीचा हवा. गाळे काढायचेच तर मागल्या अंगाला काढा. जागा वारीपुरती उघडू नका, बारा महिने उघडी ठेवा. गावातल्या म्हाताऱ्यांनीही दुपारी येऊन पोथी ऐकावी, पोरांनी अभ्यासाला बसावं. आणि दारात कुणाला जात विचारू नका.

शंभर वर्षं लोकांनी आपल्याला अंगणात उतरू दिलं, भाकरी दिली. ते देणं फेडायचं तर आपलीही ओसरी असायला हवी.

रामकृष्ण हरी.