माउंट होण्याआधी

जुनी हार्डडिस्क जोडली की विंडोज कधी कधी सांगतं, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल.’ खाली बटणही तयार असतं. लग्नाचे फोटो, प्रबंधाचा कच्चा खर्डा, दुकानाचे हिशेब त्या एका बटणापायी गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून आज एकच गोष्ट तुम्हाला पटवायची आहे. इथे संगणकाला डिस्कवरची मांडणी ओळखता आलेली नाही, एवढंच घडलेलं असतं. डिस्क रिकामी आहे की भरलेली, हे त्यानं पाहिलेलंच नसतं.

मग तो पाहतो तरी काय? डिस्कला फाइल, फोल्डर काही कळत नाही. तिच्याकडे असतात नुसते क्रमांक लावलेले ब्लॉक. त्यांवर फायली कशा मांडायच्या, ते फाइलसिस्टिम ठरवते आणि ठरलेल्या जागी आपली खूण ठेवते. एक्सएफएसची ‘एक्सएफएसबी’ ही चार अक्षरं अगदी आरंभाला असतात. एनटीएफएसचं नाव पहिले तीन बाइट सोडून येतं. लिनक्सची एक्सटी४ सुरुवातीचे १०२४ बाइट बूट-कोडसाठी मोकळे ठेवते. त्यांच्यानंतर तिचा सुपरब्लॉक, म्हणजे मांडणीची मुख्य नोंद, सुरू होतो आणि त्यात ५६ बाइट पुढे ईएफ५३ हा आकडा सापडतो. बीटीआरएफएसचा सुपरब्लॉक तर ६४ किलोबाइटवर. विंडोज आपल्या ड्रायव्हरांना एकेक करून विचारतं. कुणीच ‘ही माझी’ म्हटलं नाही, की तो भाग ‘रॉ’ ठरतो आणि फॉरमॅटचा प्रश्न समोर येतो. लिनक्सची किंवा लक्स या कूटलेखन पद्धतीनं कुलूपबंद केलेली धडधाकट डिस्कही यात सापडते.

पेनड्राइव्हवरच्या फॅटची गोष्ट मला विशेष आवडते. तिच्या पहिल्या सेक्टरमध्ये ‘फॅट३२’ असं लिहिलेलं असतं, पण मायक्रोसॉफ्टचाच दस्तऐवज बजावतो की त्या अक्षरांवर विसंबू नका, क्लस्टर, म्हणजे जागावाटपाचे गट, मोजा. ४०८५ पेक्षा कमी असतील तर फॅट१२, ६५५२५ पेक्षा कमी तर फॅट१६, त्यापुढे फॅट३२.

खुणांच्या जागा वेगवेगळ्या असल्यानं नव्यानं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर जुनी खूणही शिल्लक राहू शकते. लिनक्समधली लिबब्लकआयडी ही लायब्ररी अशा परस्परविरोधी खुणा दिसल्या, तर अंदाजानं एक निवडत नाही. उत्तर द्यायचं नाकारते. मला हा नकार फार जबाबदारीचा वाटतो.

ओळख पटली म्हणजे काम संपलं नाही. एक्सटी२, ३ आणि ४ या तिघींचा आकडा ईएफ५३ हाच. म्हणून सुपरब्लॉकमध्ये वैशिष्ट्यांच्या तीन याद्या असतात. पहिल्या यादीतलं काही कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, अनोळखी असेल, तरी वाचणं-लिहिणं दोन्ही चालतं. दुसरीतलं अनोळखी असेल, तर फक्त वाचायचं. तिसरीतलं अनोळखी असेल, तर माउंटच करायचं नाही, म्हणजे ती वापरासाठी उघडायचीच नाही. उद्या कुणी काय शोधेल हे माहीत नसताना त्यासाठी आजच नियम करून ठेवणं, ही एक्सटी रचणाऱ्यांची खरी दूरदृष्टी. याशिवाय चेकसम, म्हणजे पडताळणीची संख्या, जुळतो का, सुपरब्लॉकनं सांगितलेले ब्लॉक डिस्कच्या क्षमतेपेक्षा जास्त तर नाहीत ना, हेही तपासलं जातं. जास्त असतील तर एक्सटी४ माउंट होत नाही.

इथे एक धोका सांगतो. ‘नुसतं वाचण्यापुरतं’ माउंट केलं की डिस्कला धक्का लागणार नाही, असं आपण धरून चालतो. पण वीज मध्येच गेली असेल, तर जर्नलमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, अर्धवट राहिलेल्या नोंदी असतात, आणि एक्सटी४ वाचण्यापुरत्या माउंटमध्येही त्या आधी डिस्कवर उतरवते. हे टाळायला ‘नोलोड’ हा पर्याय लागतो. पुराव्याची डिस्क हाताळणाऱ्यांनी तर लेखन रोखणारं उपकरण मध्ये लावल्याशिवाय ती जोडूच नये.

घरी फॉरमॅटचा तो प्रश्न समोर आला तर आधी ‘रद्द करा’ दाबा. मग डीडीरेस्क्यू या साधनानं पूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. एक्सटी४चा मुख्य सुपरब्लॉक बिघडला असला, तरी त्याच्या नकला पुढे ठेवलेल्या असतात. ब्लॉक ४ किलोबाइटचे असतील, तर पहिली नक्कल सहसा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर मिळते. ई२एफएससीके या तपासणीच्या प्रोग्रामला तो क्रमांक दिला, की तो तिथून तपासणी सुरू करतो.