गावचा डॉक्टर व्हायचंय?

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. पुढे काय, असं विचारलं की बहुतेक मुलं शहरातल्या स्पेशालिटीचं नाव घेतात. आज मला बोलायचंय ते दुसऱ्या वाटेबद्दल.

सपाट भागात साधारण तीस हजार लोकांमागे आणि डोंगरी, आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. तिथल्या डॉक्टरापुढे सकाळी तापाचं मूल येतं, दुपारी मधुमेहाचे आजोबा, रात्री अडलेली बाळंतीण. कुठला रुग्ण आपण सांभाळायचा आणि कुणाला लगेच रुग्णवाहिकेत घालायचं, हा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. माझ्या मते वैद्यकातलं हे सर्वांत अवघड कौशल्य आहे.

आणि इथे संशोधन होत नाही, हा तर निव्वळ गैरसमज. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाच्या दंशानं दगावणारी माणसं बघत होते. रात्र रात्र उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, हृदयाची लक्षणं टिपली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या वाटेनं जायचं असेल तर एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिनचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. मात्र त्याआधी एखाद्या ग्रामीण केंद्रात काही महिने जरूर काम करून पाहा.