भरतपूरची सायकलवाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आग्रा म्हटले की मराठी माणसाला प्रथम पेटारे आठवतात आणि ताजमहाल नंतर. १६६६ साली महाराज येथून जे निसटले ते पुन्हा या शहराकडे फिरकले नाहीत. आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांचे भाग्य एवढे थोर नाही. आम्हीही येथून निसटतो, पण रविवारी. आणि सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला पुन्हा हजर असतो. या रविवारच्या निसटण्याविषयीच आज चार शब्द बोलावे असा माझा विचार आहे. चिटणीसांनी मला 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन' हा विषय सुचविला होता. त्या विषयात मी स्वतःच कच्चा असल्यामुळे सायकल हा विषय मागून घेतला.

सायकलशी माझा जुना ऋणानुबंध आहे. मिरजेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. आठ आणे तास या दराने सायकल घ्यायची, नळीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत ग्राउंडाला फेऱ्या घालायच्या आणि तास भरण्यापूर्वी पाच मिनिटे धापा टाकीत परत यायचे, हा आमचा सुट्टीतला नेम. पुढे बी.ए. झालो, नोकरी लागली, आणि स्कूटर, सरकारी जीप, मोटार अशी पदोन्नती होत होत सायकल सुटली. पन्नाशी उलटल्यावर रक्तातील साखरेने मर्यादा ओलांडली आणि डॉक्टरांनी चालण्याची आज्ञा केली. त्याच सुमारास चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला गेले आणि आपली माउंटन बाइक घरातच ठेवून गेले. जाड दातेरी टायर, एकवीस गिअर, पुढच्या चाकाला स्प्रिंगा, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, आणि स्टँडही नाही! भाजीची पिशवी अडकवायला जागा नसलेल्या या वाहनाला सायकल कसे म्हणावे, असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींना पडला होता. मला ती चालवताना प्रथम लाज वाटे. म्हणून ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा ठिकाणी जावे, या हेतूने मी भरतपूर गाठले.

भरतपूर येथून जेमतेम पंचावन्न किलोमीटर. तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यान आपल्यापैकी अनेकांनी पाहुण्यांना दाखविण्याच्या निमित्ताने पाहिले असेल. पण ते सायकलवरून पाहण्यासारखे आहे. खासगी मोटारींना आतल्या रस्त्यांवर मज्जाव आहे; माणूस तेथे पायी, सायकलरिक्षात किंवा सायकलवर फिरतो. सायकली दाराशी भाड्याने मिळतात, आणि चिरंजिवांच्या गिअरवाल्या सायकलीपेक्षा त्या काळ्या, करकरणाऱ्या सायकलीच तेथे अधिक शोभतात, असे माझे मत झाले आहे. कारण तेथे चढ असा नाहीच.

चढ नाही याचे कारण त्या भूमीच्या घडणीत आहे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पावसाळी पाणी ज्या खोलगट प्रदेशात पसरत असे, तो हा प्रदेश. अठराव्या शतकात राजा सूरजमलाने अजान बांध घातला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरच्या संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी त्या बांधाचे पाणी कालव्याने या खोलगट जागेत आणले. मातीचे लहान लहान बंधारे घालून तिचे भाग पाडले आणि एका भागातून दुसऱ्या भागात पाणी सोडण्याकरिता झडपांचे दरवाजे बसविले. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणून डोळे भरून पाहतो, तो बराचसा पाटबंधाऱ्यांचा कारभार आहे! सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या या उद्यानातील सायकलवाटा याच बंधाऱ्यांच्या माथ्यावरून जातात. दोन्ही बाजूंना पाणी, वर बाभळींची सावली आणि समोर धुक्यात विरत गेलेली पायवाट. डिसेंबरातल्या सकाळी हात बोटांपर्यंत बधिर होतात, ब्रेक दाबला आहे की नाही हेही कळत नाही. पण परतावेसे वाटत नाही.

पक्षी पाहण्यासाठी सायकल चालविणे ही वेगळी कला आहे. ती मला तेथील सायकलरिक्षावाल्यांनी शिकविली. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या माणसांपैकी अनेकांना शेकडो पक्ष्यांची नावे तोंडपाठ आहेत. त्यांचे सांगणे असे की, चालत्या चाकाला पाखरू भीत नाही, उतरणाऱ्या पायाला भिते. म्हणून समोर थवा दिसला की तेथे थांबू नये. संथ गतीने पुढे निघून जावे, झाडाआड सायकल लावावी आणि मग दबकत मागे यावे. या युक्तीने मी चित्रबलाकांची घरटी पाहिली, पंख पसरून उन्हात बसलेला तिरंदाज पाहिला, आणि आपल्या संतपरंपरेला शोभेल असे नाव मिरविणारा वारकरी पक्षी तर शेकड्यांनी पाहिला. हा काळा, कपाळी पांढरा टिळा लावलेला पक्षी भाषेच्या सीमा ओलांडून येथे येऊन राहिला आहे. आपणही तेच केले आहे.

आता एका फजितीची हकीकत सांगतो. खरे म्हणजे तिच्यासाठीच हे भाषण आहे.

गतवर्षी जानेवारीत उद्यानातून बाहेर पडल्यावर मला भिंतीबाहेरच्या गाडीवाटेने वळसा घालण्याची हुक्की आली. मधल्या कोरड्या वर्षांत या भागात विलायती बाभूळ फार माजली. तिचा काटा दातेरी टायर, गिअर, चिरंजिवांचा पगार यांपैकी कशाचीही भीड ठेवीत नाही. मागचे चाक बसले. हताश होऊन उभा असता सायकलीवर गवताचे दोन प्रचंड भारे लादून एक वृद्ध गृहस्थ आले. भाऱ्यांमुळे सायकल दिसतच नव्हती. गवताला दोन चाके फुटल्यासारखे ते दृश्य होते. त्यांनी भारा कडेला टेकवला, माझ्याकडून टायर काढविला, आपल्या खोळीतून जुन्या ट्यूबचा तुकडा आणि सोल्युशनची नळी काढून ठिगळ लावले. गावातून हातपंपही आला. परंतु माझ्या ट्यूबला मोटारीसारखा व्हॉल्व्ह. गावच्या पंपाचे तोंड त्याला बसेना. मोटारसायकलींची हवा भरणारे दुकान हमरस्त्यावर, दोन-अडीच किलोमीटरवर होते. तेव्हा आम्ही दोघे आपापल्या सायकली ढकलीत निघालो.

वाटेत मी विचारले, "बाबा, हे गवत आतले का?" ते म्हणाले, "परवान्याने कापतो, साहेब. पूर्वी परवाना लागत नसे. पूर्वी म्हशीच आत जात."

त्या दोन-अडीच किलोमीटरांत जे मी ऐकले ते कोणत्याही माहितीपत्रकात मला असे सापडले नव्हते. १९५६ साली अभयारण्य झाल्यावरही भोवतालच्या गावांची गुरे तेथे चरत होती. नंतर भोवती भिंत आली. १९८०च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा आला. आणि १९८२ च्या नोव्हेंबरात चराई एकाएकी बंद करण्यात आली. पर्यायी चाऱ्याची सोय काय, हे कोणी सांगितले नाही. गावकरी जमले, संघर्ष झाला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. बाबा त्या वेळी पंचविशीत होते. त्यांनी हे सर्व आवाज न चढविता सांगितले. मध्येच थांबून भाऱ्याची दोरी आवळली आणि पुन्हा चालू लागले.

या प्रकरणाचा पुढचा भाग मी नंतर वाचला. चराई बंद व्हावी असे म्हणणाऱ्यांत सलीम अलींसारखे थोर पक्षितज्ज्ञही होते, आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी त्या दशकात तेथे दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा निष्पन्न झाले ते उलटेच. म्हशी गेल्या आणि पाणगवत बेसुमार माजले. उघडे पाणी झाकले गेले, आणि मोकळ्या पाण्यावर जगणाऱ्या पाखरांची गैरसोय झाली. जी म्हैस शत्रू म्हणून हाकलली, ती त्या व्यवस्थेची बिनपगारी नोकर होती. पुढे गावकऱ्यांना परवान्याने गवत कापू देण्यात आले. विलायती बाभळी उपटण्याच्या कामीही त्यांची मदत घेण्यात आली आणि लाकूड त्यांना देण्यात आले. शहाणपण आले, पण कोणाच्या घरचा माणूस गेल्यानंतर आले.

बाबांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही सरकारात आहात. असा कागद निघतो तेव्हा लिहिणारा गाव पाहून येतो का?"

मी उत्तर दिले नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ कागद लिहिले आहेत. एका ठिकाणी, ते कोठे हे सांगण्याचे प्रयोजन नाही, सरकारी जागेला काटेरी तारेचे कुंपण घालण्याचा प्रस्ताव माझ्या शिफारशीने मंजूर झाला होता. त्या जागेतून शेजारच्या वस्तीची शाळेत जाण्याची पाऊलवाट होती. नकाशावर ती नव्हती, म्हणून मी ती धरली नाही. प्रस्ताव निर्दोष होता. लेखापरीक्षणात एकही आक्षेप आला नाही. बदली झाल्यावर त्या मुलांनी कोणता वळसा घेतला, हे मी कधी विचारलेही नाही. हमरस्ता आला, हवा भरून झाली, बाबांनी पैसे घेण्यास साफ नकार दिला आणि भारा सावरीत ते गेले. परतीच्या वाटेवर माझे लक्ष पाखरांकडे नव्हते.

उद्यानात केवलादेवाच्या मंदिराजवळ दगडी फलकांवर शिकारींचा हिशेब कोरलेला आहे. तारीख, पाहुणा, आणि मारलेले पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मंडळींनी ४,२७३ पक्षी मारल्याची नोंद तेथे आहे. त्या फलकांपुढे आता मी अधिक वेळ उभा राहतो. पाखरांचा हिशेब दगडात आहे. १९८२ च्या माणसांसाठी तसा दगड मला कोठे दिसला नाही. ज्या सायबेरियन क्रौंचांमुळे हे स्थान जगात गाजले, ते २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर येथे आलेले नाहीत. वरच्या अंगाला पांचना धरण झाल्यापासून गंभीरचे पाणी कधी येते, कधी येत नाही. चंबळचे पाणी नळाने आणि गोवर्धन ड्रेनचे पुराचे पाणी आणून वेळ निभावली जाते. १९८५ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेल्या या स्थळाची अशी स्थिती आहे.

ज्यांना वाटेचा मोह अधिक आहे त्यांच्यासाठी दुसरा मार्ग सांगतो. भरतपूरहून उत्तरेस कुंभेर सोळा-सतरा किलोमीटर, आणि तेथून साधारण तितकेच डीग. जानेवारीत दोन्ही अंगांना मोहरी फुललेली असते. पिवळ्या रंगाने डोळे थकतात. याच कुंभेरच्या वेढ्यात १७५४ साली मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. सती निघालेल्या अहिल्याबाईंना मल्हाररावांनी विनवून मागे फिरविले, आणि त्यानंतरचा इतिहास आपणां सर्वांस ठाऊक आहे. जवळच गागरसोली गावी खंडेरावांची छत्री आहे. मी गेलो त्या दिवशी तेथे चिटपाखरू नव्हते. सायकल भिंतीला टेकवून बराच वेळ पायरीवर बसलो. आणि ज्या सूरजमलाच्या किल्ल्याला आपण वेढा घातला होता, त्यानेच सात वर्षांनी, पानिपतावरून उघडेवाघडे, जखमी परतणाऱ्या आपल्या माणसांना या मुलखात अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. समशेरबहाद्दर डीगलाच वारले. पानिपतावर आपण पुष्कळ बोलतो. या पाहुणचारावर त्या मानाने फारच थोडे. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी तो विसरू नये असे मला वाटते. माझे पंक्चर काढून पैसे नाकारणारे बाबाही त्याच मातीतले.

चिटणीसांच्या संमतीने एक सूचना करून रजा घेतो. येत्या डिसेंबरातील एका रविवारी मंडळातर्फे भरतपूरची सायकलसहल काढावी असे ठरत आहे. मुलांना अवश्य आणावे. लहानांसाठी सायकलरिक्षा आहेत. पिवळे-तांबडे भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत. थालीपीठ, दही आणि पाणी आपापले आणावे, कागद-पिशव्या परत न्याव्या. ज्यांच्या सायकली गिअरच्या आहेत त्यांनी आपल्या व्हॉल्व्हला बसणारा पंप आठवणीने बरोबर घ्यावा. भिंतीबाहेरच्या वाटेने मी थोडा पुढे जाणार आहे. बाबांचे गाव मला ठाऊक आहे, घर शोधावे लागेल. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी नावे माझ्याकडे द्यावीत.