तिसऱ्यांदा नाकाचं ऑपरेशन करण्याआधी



आपल्या बैठकांत नाकाचा विषय निघतो तो इज्जतीच्या अंगाने. 'घराण्याचं नाक कापलं' असं म्हणतात आणि शिक्षा होते बाईला. आज मी खऱ्याखुऱ्या नाकाबद्दल बोलणार आहे. सुंदर दिसावं म्हणून एकदा-दोनदा ऑपरेशन केलेलं, आणि तरीही एका बाजूला कललेलं नाक.

काहींना हा चैनीचा विषय वाटेल. आमच्या सल्ला केंद्रात मात्र एक मुलगी आली होती, तिच्या आईने लग्न ठरावं म्हणून पाटल्या मोडून तिचं नाक करून घेतलं होतं. ते वाकडं बसलं. दुसऱ्यांदा केलं, तर शेंडा ओढला गेला आणि एक नाकपुडी बारीक झाली. आता रात्री तोंड उघडं ठेवून झोपते. सासरी थट्टा चालते ती वेगळीच. सौंदर्याच्या बाजारावरचं आपलं नेहमीचं भाषण तिला काय कामाचं? 'ताई, तिसऱ्यांदा करू का?' एवढंच तिला विचारायचं होतं. मी डॉक्टर नाही, हो-नाही सांगणं माझ्या हातात नाही. पण दवाखान्याची पायरी चढण्याआधी बाईला माहिती असावी, ते काम आपलं आहे.

नाकाची सूज फार हळू उतरते. शेंड्याची तर सगळ्यात शेवटी, आणि दुसऱ्या ऑपरेशननंतर आणखी उशिरा. म्हणून निदान वर्षभर थांबायला सांगतात. पू झाला, आत बसवलेलं काही कातडीतून डोकावू लागलं, श्वास कोंडला, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. एरवी तीन महिन्यांतच 'चला, पुन्हा करू' म्हणणाऱ्या डॉक्टरबद्दल मला तरी शंका येते.

वाकडेपणा नेमका कुठे आहे, हे आधी तपासून घ्यावं. वरचं हाड सरकलेलं असेल तर ते पुन्हा कापून बसवावं लागतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असेल तर तो सरळ करावा लागतो. मधला भाग एका बाजूने आत बसला असेल तर तिथे कूर्चेची पट्टी घालतात. कूर्चा म्हणजे कानाला हात लावला की लागतं ते लवचिक हाड. शेंडा व्रणाने ओढला गेला असेल तर तो सोडवून त्याला आधार द्यावा लागतो. हा आधार आणायचा कुठून, ही खरी अडचण असते. पडद्यातली कूर्चा आधीच्या ऑपरेशनांत बहुधा संपलेली असते. मग कानामागून घेतात, पण ती थोडीच मिळते आणि वळलेली असते. बरगडीची भरपूर मिळते, मात्र छातीवर व्रण राहतो, फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा थोडा धोका असतो आणि ती पुढे वाकूही शकते. सिलिकॉनचा तुकडा सोपा वाटतो. पण वारंवार उघडलेल्या नाकात परका पदार्थ पू धरू शकतो, बाहेरही येऊ शकतो.

आता सुईबद्दल, कारण ब्यूटी पार्लरच्या पाट्यांवर हल्ली तीच दिसते. फिलर भरून खळगा बुजवतात. काम अर्ध्या तासाचं, टिकतं काही महिने ते वर्ष-दीड वर्ष. छोट्या खळग्याला त्याचा उपयोग होतो, बंद नाकपुडीला नाही. ऑपरेशन झालेल्या नाकातल्या रक्तवाहिन्या मूळ जागी नसतात. फिलर एखादीत शिरला तर कातडी काळी पडून झडते, क्वचित डोळाही जातो. म्हणून हे पार्लरात कधीच करू नये. डॉक्टरकडे करायचं तर विरघळणारंच घ्यावं, आणि ते विरघळवणारं औषध तिथे हाताशी आहे का, हे तोंडावर विचारावं.

काहीच न करणं हासुद्धा एक मार्ग आहे. कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. दर ऑपरेशनला कातडी पातळ होते, व्रण वाढतात. संगणकावर दाखवलेलं चित्र म्हणजे हमी नाही. श्वासाचा त्रास आणि दिसण्याचा त्रास डॉक्टरांसमोर वेगवेगळे मांडा. विमा केवळ सौंदर्याच्या ऑपरेशनचे पैसे देत नाही, श्वासासाठी पडदा सरळ करण्याचे काही पॉलिसींत मिळतात. आणि आरशासमोरून हलवतच नाही, नोकरी-झोप सगळं त्यातच जातं, असं होत असेल तर आधी मनाच्या डॉक्टरांना भेटावं. त्यात कमीपणा नाही.

जुने कागद मागून घ्या. आधी काय कापलं, कुठली कूर्चा वापरली, हे कळल्याशिवाय पुढचा डॉक्टर अंधारात असतो. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. पण दवाखान्याने ते ३ वर्षंच सांभाळायचे असतात, तेव्हा लेखी अर्ज लवकर करा. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे. नवा डॉक्टर प्लास्टिक सर्जन किंवा नाक-कान-घशाचा सर्जन आहे ना, वैद्यक परिषदेत नोंद आहे ना, ते बघा. अशी दुरुस्तीची ऑपरेशनं तो किती करतो, तेही विचारा.

संमतिपत्र घरी आणून वाचा. एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. कान की बरगडी, ते त्यावर आधीच लिहिलेलं हवं. आणि अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही पुरते. कुणी नवऱ्याला किंवा सासऱ्याला सही करायला बोलावलं, तर 'हे कुठल्या नियमात आहे, दाखवा' असं म्हणायचं.