दम लागतो म्हणून बसवून ठेवू नका
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नव्हे. बी. कॉम. होऊन चाळीस वर्षे महाद्वार रोडवर कापड मोजत आलो. तरीही फुप्फुसांच्या जुनाट विकारावर बोलण्याचे धाडस करतो, याचे कारण आमच्या घरातच आहे.

आमच्या वहिनींनी विडी-सिगारेट कधी पाहिलीही नसेल. माहेर शिरोळ तालुक्यातले; निम्मे आयुष्य चुलीपुढे गेले. दम लागू लागला तेव्हा आम्ही वयाला दोष दिला. तपासणीअंती निदान झाले सी.ओ.पी.डी., म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होणे. २०२१ मध्ये या विकाराने जगात सुमारे ३५ लाख माणसे दगावली. धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो, याकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून लक्ष वेधले होते. चुलीचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण.

निदानानंतर आम्ही काय केले? वहिनींना खुर्चीत बसवले. सुना म्हणत, “आई, तुम्ही उठू नका.” भाजी दुकानातला मुलगा आणू लागला, मंदिरात जाणे रिक्षाने. सारे प्रेमापोटीच. पंप आणि औषधे वेळेवर चालू होती. तथापि वर्षभरात न्हाणीघरापर्यंत जातानाही त्या दोनदा थांबू लागल्या. आमचा जमाखर्च कुठे चुकला ते कळेना.

चूक दाखवली ती फिजिओथेरपिस्टबाईंनी. दम लागतो म्हणून माणूस बसतो. बसल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो, म्हणून दम आणखी वाढतो. त्यांनी सहा मिनिटांत किती मीटर चालता येते ते मोजले. मीटरचा हिशोब निघाल्यावर मलाही विषय उमगला! डॉक्टरांच्या संमतीने रोज थोडे चालणे, आणि ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडणे, एवढेच त्यांनी सांगितले.

परंतु चालायचे कुठे? आम्ही पहाटे रंकाळ्यावर नेले. थंडीत गुऱ्हाळांचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर पहाटे जमिनीलगत साचतो, शिवाय कोठेतरी कचरा जळत असतोच. खोकल्याने बेजार होऊन परतलो. मग ऊन वर आल्यावर जाऊ लागलो. लंडनमध्ये साठीपुढच्या ११९ जणांना, ज्यांत ४० जण याच विकाराचे होते, दोन-दोन तास चालवून पाहिले. एकदा हाइड पार्कमध्ये, एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या रहदारीत. बागेतल्या चालण्याने फुप्फुसांना लाभ झाला, रस्त्यावर तो बव्हंशी वाया गेला. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण मंदिराची वाट बाजारातूनच जाते, आणि वहिनींना चालतच दर्शनाला जायचे होते. पदपथ नावालाच. तो अडवणाऱ्यांत साड्या नेसवलेले माझेच दोन पुतळे होते, हे येथे कबूल करतो. त्यामुळे वहिनींना रहदारीत उतरावे लागे. मध्ये टेकायला जागा नाही. शिवाय चारचौघांत धापा टाकण्याची लाज. कोणी पाहू लागले की त्या उगाच दुकानातील भांडी न्याहाळत उभ्या राहत. धापेपेक्षा ही लाज त्यांना घरी बसवत होती, असे माझे मत आहे. शेजारच्या दोघी सोबत जाऊ लागल्या, त्यांच्या चालीने चालू लागल्या, तेव्हा ती ओसरली.

विश्वस्तांना माझी विनंती आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून मंदिराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा आणि खाली एक बाक व्हावा. व्यापारी बंधूंनी पदपथावरील माल आत घ्यावा. मी पुतळे आत घेतले. पहिला महिना गिऱ्हाईक थोडे कमी वाटले, खोटे कशाला सांगू? त्या जागी एक स्टूल ठेवले आहे. वहिनी सकाळी तेथे टेकतात, दोन घोट पाणी पितात, नव्या इरकलीचा भाव विचारतात, महाग म्हणतात आणि पुढे निघतात.