गांडूळ कीं साप?

पावसाळ्याच्या पहिल्या सरी कोसळल्या, कीं जमिनीखालच्या बिळांत पाणी शिरतें आणि तेथील रहिवासी मोरीच्या तोंडाशीं, तुळशीवृंदावनापाशीं किंवा कुंडीच्या बुडाशीं येऊन थबकतात. त्यांतला एखादा वळवळतांना दिसला, कीं घरांत “साप, साप” अशी हाकाटी होते आणि केरसुणी, काठी, मिठाची बरणी यांपैकीं जें हातीं लागेल तें त्या जिवावर येऊन पडतें. मेल्यावर तो कोण होता, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

बहुधा तो वाळा असतो. वीतभरही न भरणारा, सुतळीएवढा बारीक, काळसर तपकिरी. हा खराखुरा साप, पण पूर्णपणें बिनविषारी. मुंग्यांचीं व वाळवीचीं अंडीं हें त्याचें अन्न. त्याचें तोंड इतकें लहान, कीं माणसाला चावणें त्याला साधणारच नाहीं. गांडुळाच्या अंगावर वलयें असतात, वाळ्याच्या अंगावर तुळतुळीत खवले. डोळे म्हणजे खवल्याआड दडलेले दोन काळे ठिपके. आंखूड शेपटाच्या टोंकाला बारीक कांटा असतो. त्यानें तो डंख करतो हा समज मात्र निराधार. चिमुकली जीभ लवलवतांना दिसली, तर शंकेला जागाच उरत नाहीं. या जातींत सर्व माद्याच. नराविना त्यांचीं अंडीं फळतात. कुंडींतल्या मातीबरोबर परदेशीं गेलेली एकटी मादीही तेथें वंश वाढवते, आणि जगभर तो तसाच पसरला आहे.

कोंकणांत व सह्याद्रींत तिसराच प्राणी भेटतो: देवगांडूळ. वलयांमुळें कोणी त्याला गांडूळ समजतात, तर कोणी साप. वस्तुतः तें बेडकाच्या गोतांतलें, उभयचर. तोंडांत दांत, पाठींत कणा. कातडी ओलसर व बुळबुळीत, बाहेरून खवला दिसत नाहीं. शेपूट जवळजवळ नाहींच. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान इवलीशी स्पर्शिका असते. ही खूण सापांत कोठेंच सांपडावयाची नाहीं. कांहीं जातींची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून तीं राखते. तें पाहून सापाचा भास न झाला तरच नवल. आंबोलीच्या देवगांडुळाची एक जात तर २००३ सालीं प्रथम शास्त्राला ठाऊक झाली. याची ओली कातडी श्वासाच्याही कामीं येते, म्हणून मोरींत टाकलेलें मीठ त्याला प्राणघातक ठरतें.

आतां मण्यारीविषयीं. तिचें पिल्लूही बारीक, काळें व चकचकीत असतें. परंतु अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. पट्टे बिनविषारी कवड्यालाही असतात. कवड्याचे मानेकडे ठळक व शेपटाकडे पुसट, मोठ्या मण्यारीचे याच्या उलट. पण मण्यारीच्या पिल्लांत पुढचे पट्टेही ठळक असल्यानें ही खूण फसवते. म्हणून पट्टा दिसतांच पारख सोडून दूर व्हावें व जाणकारास बोलवावें. मण्यार रात्रीं निजलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदां दुखतही नाहीं, सुजतही नाहीं. कांहीं तासांनीं पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. तेव्हां नुसता संशय आला तरी रुग्णालय गांठावें. प्रतिविष तेथेंच मिळतें.

वलयांचें देवगांडूळ किंवा सुतळीएवढा वाळा असेल, तर सुपलीवर घेऊन बागेंतल्या ओल्या मातींत सोडावा. थोड्याच वेळांत तो दिसेनासा होतो.